पाऊस आधी थांबला, मग सुरू झाला : एका लॉगबुकातल्या जून महिन्याचं प्रकरण

हे प्रकरण चार हौशी माणसांच्या गटाचं आहे आणि त्या चारांतला मी एक. जहाजाचं नाव, नेमकं साल आणि आमची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. साल १८१५ ते १८३० च्या दरम्यानचं होतं, एवढं कळलं तरी पुढचं सगळं समजेल. आम्हाला त्या वर्षी कोकणात मान्सून कधी पोहोचला ते शोधायचं होतं. ते कितपत जमलं ते पुढे येईलच. पण वाटेत आम्ही ज्या चुका केल्या, त्या बहुतेक जण करत असावेत असं वाटतं, म्हणून त्या सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज सफर संपवून परतलं की कप्तानाला लॉगबुक, म्हणजे जहाजाची रोजची नोंदवही, कंपनीकडे जमा करावं लागे. ही बाडं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८३४ पर्यंतची मिळून ती हजारोंच्या घरात जातात. १७८९ नंतरच्या बऱ्याच वह्यांत वाऱ्याबरोबर वायुभारमापक आणि तापमापकाचे आकडेही आढळतात. कंपनीच्या सागरी नकाशांचं काम पाहणाऱ्या अलेक्झांडर डॅलरिंपल यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. १७८९ ते १८३४ मधल्या अशा ८९१ वह्यांतून हवामानाच्या सुमारे २,७३,००० नोंदी संगणकावर उतरवल्या गेल्या. त्यावरचा शोधनिबंध २०१२ साली आला आणि १८१५ च्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरचा गारवा त्या आकड्यांत दिसला.

मुंबईकरांसाठी या वह्यांचं मोल वेगळंच आहे. कुलाबा वेधशाळा १८२६ साली उभी राहिली, ती आकाशातले वेध घेऊन जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. तिथल्या हवामानाच्या सलग नोंदी १८४१ पासूनच्या आहेत. आपल्या गणितज्ञ केरूनाना छत्र्यांनी उमेदीची वर्षं काढली ती हीच वेधशाळा. त्याआधी अरबी समुद्रावर जूनमध्ये वारा कसा होता, हे कुणी रोजच्या रोज लिहिलं असेल तर ते जहाजांनीच.

आमच्या गटात एक निवृत्त भूगोल शिक्षिका (सगळे त्यांना बाई म्हणतो), मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक काका, थळ गावचा कॉलेजात शिकणारा एक मुलगा आणि एक्सेल सांभाळणारा मी. आमच्या हाती आलेलं जहाज फेब्रुवारीत इंग्लंडहून निघालं. ३ मार्चला त्याला अटलांटिकमधलं मदेरा बेट दिसलं. त्यानंतर आफ्रिकेला वळसा घालून, मादागास्करच्या पूर्वेकडून ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला लागलं. मदेरानंतर मुंबईपर्यंत जमिनीचं दर्शन नाही. हा तपशील पुढे कामाला आला.

वहीचं पान कसं असतं ते आधी सांगतो, कारण सगळा घोळ त्या पानावरच झाला. डावीकडे चिंचोळे रकाने, त्यांच्या डोक्यावर एच, के आणि एफ अशी अक्षरं. मग जहाजाची दिशा, मग वारा, आणि उजवीकडे निम्मं पान व्यापणारा ‘रिमार्क्स’चा रकाना. तळाशी मध्यान्हीचे अक्षांश, रेखांश, भारमापक, तापमापक. अक्षर वळणदार, शाई तांबूस पडलेली. हवा खराब असलेल्या दिवशी अक्षरही बिघडतं.

पहिला निर्णय : काय उतरवायचं

एक अख्खं पान उतरवायला पाऊण तास तरी लागे. नुसते हवामानाचे रकाने घेतले तर पंधरा मिनिटांत काम उरकायचं. रिमार्क्समध्ये बहुतेक घरगुती मामला असायचा: शिडं दुरुस्त केली, डेक धुतला, मांसाचं पिंप फोडलं आणि त्यात इतके तुकडे कमी निघाले, अमक्याला फटके दिले. आम्ही रिमार्क्स सोडून द्यायचं ठरवलं. वाऱ्याचा जोर किंवा पावसाचा उल्लेख असेल तेवढाच घ्यायचा, बाकी सोडायचं.

बाईंनी तेव्हाच कुरकुर केली होती. “जे समजत नाही ते बिनमहत्त्वाचं, असं आपण ठरवतोय,” त्या म्हणाल्या. मीच घाई केली. पावसाळ्याआधी काम संपवायचं माझ्या डोक्यात होतं.

अडचण

पहिली ठेच लागली ती एफ रकान्यावर. एफ म्हणजे फॅदम, म्हणजे वाव, आणि वावेत खोली मोजतात हे कोकणात कुणालाही ठाऊक. त्यामुळे दक्षिण अटलांटिकच्या मधोमध आमच्या तक्त्यात समुद्र चार वाव खोल निघाला. काकांना हसू आवरेना. हा रकाना वेगाचा आहे. दोरीला गाठी मारून तिचं टोक पाण्यात सोडायचं आणि २८ सेकंदांची वाळूघडी रिकामी होईपर्यंत किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं. गाठ म्हणजे नॉट. दोन गाठींमधलं अंतर सुमारे ४८ फूट, म्हणजेच आठ वाव. ‘के ५, एफ ४’ म्हणजे साडेपाच नॉट. ही चूक लगेच कळली, कारण ती हास्यास्पद होती. पुढच्या दोन तशा नव्हत्या.

दुसरी अडचण वाऱ्याची. वारा दर दोन तासांनी लिहिलेला होता. मी तारीख आणि वेळेनुसार तक्ता सॉर्ट करून आलेख काढला. जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी वारा पश्चिमेचा, दुपारनंतर वायव्येचा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पश्चिमेचा किंवा त्याहून दक्षिणेकडे सरकलेला. रोज तेच. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत सगळेच शिकतात. मुंबईत उन्हाळ्याच्या दुपारी येणारा खारा वारा वायव्येकडूनच येतो. मी आनंदाने गटाला कळवलं की दोनशे वर्षांपूर्वीचे खारे वारे सापडले.

बाईंनी नकाशा मागितला. जहाज तेव्हा किनाऱ्यापासून तीनशे सागरी मैलांहून जास्त लांब होतं. “खारे वारे एवढ्या लांब जात नाहीत. तुझ्या आलेखात काहीतरी उलटं झालंय,” त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी ९ जूनची ओळ दाखवली. तक्त्यानुसार पहाटे ४ वाजता ‘पाऊस थांबला, आकाश उघडलं’ आणि त्याच तारखेला संध्याकाळी ५ वाजता ‘नैर्ऋत्येकडून जोराचा झोत, गडगडाट, विजा, पाऊस सुरू’. पहाटे थांबलेला पाऊस सुरू कधी झाला होता? ८ तारखेच्या ओळीत पाऊस नव्हताच.

तिसरी अडचण जागेची. मध्यान्हीच्या जागा नकाशावर टाकल्या तेव्हा ११ जूनचा बिंदू १८ अंश ३७ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४० मिनिटं पूर्व इथं पडला. ही जागा तळेगाव आणि हिंजवडीच्या मधली. म्हणजे शिडाचं जहाज बोरघाट चढून आयटी पार्कच्या ट्रॅफिकला लागलेलं! हसून झालं, मग चिंता सुरू झाली. समुद्री हवामानाच्या मोठ्या संग्रहांत जमिनीवर पडलेली नोंद बाजूला काढणारी चाळणी असते. आमचा तक्ता तसाच तिथं गेला असता, तर किनाऱ्यालगतच्या, म्हणजे आम्हाला हव्या असलेल्या नेमक्या त्याच नोंदी चाळणीत अडकल्या असत्या.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय जून महिनाच टाकून देण्याचा होता. बाकीचे तीन महिने नीट दिसत होते, ते द्यायचे आणि मोकळं व्हायचं. काकांना हे पटत होतं. “ज्याची खात्री नाही ते नकाशावर मांडायचं नाही, हा आमचा नियम,” असं त्यांचं म्हणणं.

दुसरा पर्याय माझा. ११ तारखेचा बिंदू हातानेच समुद्रात सरकवायचा. एक अंश पश्चिमेला नेला की झालं. तारखांचं कोडं सोडवण्यासाठी सगळ्या नोंदी एक दिवस मागे घ्यायच्या. जुनी जहाजं ‘सागरी दिवस’ पाळत, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं.

तिसरा पर्याय बाईंचा, कष्टाचा. निदान मे-जूनची पानं पुन्हा काढायची, शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची आणि मगच काय ते ठरवायचं. या पानांना पुन्हा तीन आठवडे लागणार होते.

माझा पर्याय किती घातक होता ते सागरी दिवस नीट समजून घेतल्यावर कळलं. समुद्रावर दिवस मध्यान्हीला सुरू होई आणि दुसऱ्या मध्यान्हीला संपे. वहीतला ९ जून म्हणजे आपल्या ८ जूनच्या दुपारी १२ पासून ९ जूनच्या दुपारी १२ पर्यंत. पानावर आधी दुपार-संध्याकाळ येते, मग मध्यरात्र, मग पहाट आणि सकाळ. म्हणजे दुपारनंतरच्या नोंदी तेवढ्या एक दिवस मागे न्यायच्या. पहाटेच्या, सकाळच्या आणि मध्यान्हीच्या नोंदींची तारीख बरोबरच असते! सगळंच सरसकट एक दिवस मागे नेलं असतं, तर निम्म्या चुका दुरुस्त करताना उरलेला निम्मा, बरोबर असलेला तक्ता बिघडवला असता. ब्रिटिश आरमाराने ही पद्धत १८०५ साली बंद केली. आमच्या कंपनीच्या जहाजावर ती चालूच होती. त्यामुळे ‘एकोणिसावं शतक आहे, म्हणजे साधी तारीख असेल’ असं धरणंही चालत नाही. प्रत्येक वहीत तपासावं लागतं.

माझे खारे वारेही असेच जन्मले होते. वारा आठवडाभर हळूहळू वायव्येकडून पश्चिमेला आणि पुढे नैर्ऋत्येला वळत होता. मी सॉर्ट केल्यामुळे प्रत्येक तारखेत आदल्या दिवसाची दुपार आजच्या सकाळनंतर येऊन बसली. सरळ वळणाऱ्या रेषेला करवतीचे दात फुटले, आणि त्या दातांचं माप नेमकं मुंबईच्या खाऱ्या वाऱ्याशी जुळलं. आकडे असे ओळखीच्या चेहऱ्याने आले की माणूस त्यांना प्रश्न विचारत नाही. एवढा अनुभव मला या कामात मिळाला.

काय केलं

बाईंचा पर्याय घेतला. पानं पुन्हा उघडली आणि या वेळी मांसाच्या पिंपासकट सगळं उतरवलं.

आगमनाच्या दिवशीच्या पानाने पहिला धक्का दिला. सागरी तारीख १२ जून. त्या पानावर दुपारनंतरचे तास दोनदा होते. पहिल्या फेरीत मी दुसरा भाग ‘चुकून पुन्हा लिहिलेला’ समजून गाळला होता. पानाच्या तळाशी एक ओळ होती: ही नोंद ३६ तासांची आहे. बंदरात नांगर पडला की वही पुन्हा साध्या तारखेवर येई, आणि त्यासाठी शेवटचा सागरी दिवस पुढच्या मध्यरात्रीपर्यंत ताणावा लागे. म्हणजे लिहिणाऱ्याने घोळ केलाच नव्हता, उलट दिवस कसा मोजला ते स्पष्ट सांगून ठेवलं होतं. ती ओळ ‘हवामान नाही’ म्हणून मीच सोडली होती. सागरी दिवसाचा याहून स्पष्ट पुरावा मिळाला नसता.

मग जागेचं कोडं. ११ जूनच्या रिमार्क्समध्ये लिहिलं होतं की सकाळी ढगांतून थोडा वेळ सूर्य मिळाला, आणि मध्यान्हीला ‘केनरी’ पूर्व-ईशान्य दिशेला चार लीगवर दिसत होतं. बाईंनी आणि मी केनरी म्हणजे कान्हेरी असा अर्थ लावला. बोरिवलीच्या लेण्यांचा डोंगर समुद्रातून दिसत असेल, त्यात काय! पण तसं धरलं तर अक्षांश जुळेना, अर्ध्या अंशाच्या आसपास फरक पडत होता. आम्ही वेधातच चूक आहे असं म्हणायच्या बेतात होतो.

थळचा मुलगा त्या दिवशी उशिरा आला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं.

“बाई, हे कान्हेरी नाही. खांदेरी आहे. वरच्या ओळीत बघा, ‘हेनरी’ पण आहे, ते उंदेरी. आमच्याकडून रोज दिसतात दोन्ही.”

इंग्रजांच्या जुन्या कागदांत खांदेरी-उंदेरीची जोडी ‘हेनरी अँड केनरी’ अशीच येते. शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरीवर तटबंदी सुरू केली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती, तीच ही खांदेरी. आम्ही दोघं पुण्यात बसून लेण्यांत शिरलो होतो.

पुढचं गणित सोपं होतं. खांदेरी १८ अंश ४२ मिनिटं उत्तर आणि ७२ अंश ४९ मिनिटं पूर्व इथं आहे. सागरी लीग तीन मैलांची, म्हणजे बेट १२ सागरी मैलांवर. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक त्या काळी मुंबईजवळ जेमतेमच होता, त्यामुळे दिशा आहे तशी धरता आली. उलटं मोजल्यावर जहाज १८ अंश ३७ मिनिटं उत्तर, ७२ अंश ३७ मिनिटं पूर्व इथं येतं. अक्षांश वेधाशी तंतोतंत जुळला. रेखांशात मात्र ६३ मिनिटांचा फरक.

अक्षांश सूर्याच्या उंचीवरून मिळतो, त्याला घड्याळ लागत नाही. रेखांशाला क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं अचूक घड्याळ लागतं. स्थानिक वेळ आणि ग्रिनिचची वेळ यांतला फरक म्हणजे रेखांश, आणि वेळेचे चार सेकंद म्हणजे कोनाचं एक मिनिट. घड्याळ मागे पडलं की ग्रिनिचची वेळ खरीपेक्षा कमी वाटते, फरक मोठा होतो आणि जहाज नकाशावर पूर्वेला सरकतं. ६३ मिनिटं म्हणजे २५२ सेकंद. मदेरा दिसलं त्या दिवसापासून ११ जूनपर्यंत बरोबर १०० दिवस. म्हणजे घड्याळ दिवसाला अडीच सेकंद मागे पडत होतं. लाटांवर हेलकावे खात, अटलांटिकच्या थंडीतून विषुववृत्ताच्या उकाड्यात आलेल्या यंत्राला अडीच सेकंद फार नाहीत. काकांनी तर कौतुकच केलं. तरीही तेवढ्याने जहाज बोरघाट ओलांडून गेलं.

या हिशोबात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. मग त्याच पानाचा शेवट वाचला. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने एका ओळीत लिहून ठेवलं होतं की क्रोनोमीटर एक अंशाहून थोडं जास्त पूर्वेला दाखवतो आहे.

रिमार्क्समध्ये आणखीही होतं. आदल्या दिवशी ‘४० वाव, मऊ चिखल’. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाला चरबी, आणि चरबीला तळाचं जे चिकटेल ते पाहायचं. त्याच दिवशी ‘पाण्यात बरेच साप दिसले’. समुद्री साप दिसू लागले की हिंदुस्थानचा किनारा जवळ आला, ही खूण दोन हजार वर्षं जुनी; ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या जुन्या सागरी मार्गदर्शिकेतही ती नोंदलेली आहे. पहिल्या फेरीत मी सापांची ओळ गाळताना थोडा हसलोही होतो. पण तीन दिवस ढगांमुळे वेध मिळाला नव्हता, आणि त्या दिवसांत जहाज कुठे होतं याचा अंदाज आम्हाला चिखल आणि सापांवरूनच बांधता आला.

दुरुस्ती कशी करायची यावर पुन्हा वाद झाला. संपूर्ण सफरीवर सरसकट ६३ मिनिटं वजा करणं मला सोयीचं वाटत होतं. पण तसं केलं तर मदेराजवळची, बरोबर असलेली जागाही एक अंश हुकते. शेवटी मदेराला शून्य आणि खांदेरीला ६३, मधल्या दिवसांत प्रमाणशीर वाटणी, असं ठरलं. घड्याळ रोज सारखंच चुकलं असेल हे गृहीतक आहे, आणि ते तसं तक्त्यात लिहिलं. मूळ आकडा एका रकान्यात, दुरुस्त आकडा शेजारच्या रकान्यात, कारण तिसऱ्यात. मूळ रकान्याला कुणी हात लावायचा नाही.

वाऱ्याच्या दिशेला हीच शिस्त लावली. वही होकायंत्राची दिशा देते. मुंबईजवळ फरक नगण्य, पण दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी त्या काळी होकायंत्र खऱ्या उत्तरेपासून २५ अंशांच्या आसपास पश्चिमेला ढळत असे. होकायंत्राचं एक घर सव्वाअकरा अंशांचं, म्हणजे दोन घरांहून जास्त चूक. नैर्ऋत्य वाटणारा वारा तिथे दक्षिणेकडे झुकलेला निघतो. यासाठी जुन्या चुंबकीय क्षेत्राचे जे नकाशे वापरतात, तेही अशाच हजारो जहाजांनी नोंदलेल्या विचलनांवरून बनले आहेत. (चुंबकीय वेधांची आपली मुंबईतली परंपरा विजेच्या ट्रामच्या भीतीने कुलाब्याहून अलिबागला गेली, हे थळच्या मुलाने ऐकवलंच. अलिबागचं काही आलं की तो सोडत नाही.)

वाऱ्याच्या जोराचं थोडक्यात सांगतो, कारण यावर चांगलं काम आधीच झालेलं आहे. ब्रिटिश आरमारातल्या ब्यूफोर्टने वाऱ्याच्या जोराची आपली मोजपट्टी १८०६ साली स्वतःच्या वहीत मांडली, आरमाराने ती १८३८ साली स्वीकारली. आमच्या वहीत फक्त शब्द होते. १७५० ते १८५० मधल्या इंग्रजी, डच, फ्रेंच आणि स्पॅनिश वह्यांसाठी युरोपात २००० ते २००३ दरम्यान क्लिवॉक नावाचा प्रकल्प झाला. त्यात अशा शब्दांचा कोश तयार झाला, तो आम्ही वापरला. ‘गेल’ वाचलं की आपल्याला वादळ आठवतं. नाविकाचा ‘मॉडरेट गेल’ म्हणजे १२ पर्यंतच्या मोजपट्टीवर ७.

भारमापकाने मात्र घाम काढला. ८ जूनच्या मध्यान्हीला २९.८० इंच, पूर्ण सफरीतला नीचांकी आकडा. दाबाच्या आजच्या एककात त्याचं सरळ रूपांतर १००९ हेक्टोपास्कल होतं. पण पारा गरमीने फुगतो. २८ अंश तापमानासाठी सुमारे साडेचार आणि या अक्षांशावरच्या गुरुत्वासाठी दोन हेक्टोपास्कल वजा केले की १००२-१००३ उरतात. शिवाय उष्ण कटिबंधात पारा रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली. मुंबई-चीन वाटेवरचे नाविक जेम्स हॉर्सबर्ग यांनी हे १८०५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. त्यामुळे वेळ न लिहिता दाब लिहिण्यात अर्थ नाही. सुदैवाने आमचे आकडे मध्यान्हीचेच होते. उपकरणाची स्वतःची चूक किती, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून दाबाचा आकडा नव्हे तर रोजचा चढउतार तेवढाच वापरायचं ठरवलं.

निष्पन्न

तारखा सुधारल्यावर खारे वारे नाहीसे झाले. उरली ती एक सरळ गोष्ट: आठवडाभर वारा वायव्येकडून नैर्ऋत्येला वळत गेला, ८ जूनच्या मध्यान्हीला पारा सर्वांत खाली आला, आणि पाच तासांनी, संध्याकाळी ५ वाजता, किनाऱ्यापासून अडीचशे सागरी मैलांवर पहिला झोत आला. पाऊस ९ जूनच्या पहाटे थांबला. आधीच्या तक्त्यात पारा पडल्यानंतर एकोणतीस तासांनी झोत येत होता आणि आम्ही त्याचीही कारणं शोधत बसलो होतो.

मग त्याच मोसमात मुंबई बंदरात नांगरून असलेल्या दुसऱ्या एका जहाजाची वही पाहिली. बंदरातली वही, म्हणजे साधी तारीख. त्यात पहिला जोराचा पाऊस ९ जूनच्या संध्याकाळी होता. जुन्या, चुकीच्या तक्त्यानुसार दोन्ही जहाजांवर झोत एकाच तारखेला, जवळजवळ एकाच वेळी आला असता. केवढी सुंदर जुळणी! ती आम्ही नक्कीच छापली असती.

तर त्या वर्षी मान्सून कधी आला? ९ जूनला, असं लिहायची माझी तयारी होती. मुंबईची आजची सर्वसाधारण तारीख ११ जून, त्यामुळे शोभलंही असतं. बाईंनी अडवलं. त्यांचं म्हणणं असं की वेधशाळा एका जागी असते आणि हवा तिच्याकडे येते. जहाज स्वतः चालत असतं. वारा नैर्ऋत्येचा झाला, तो मान्सून पुढे सरकला म्हणून की जहाज मान्सूनमध्ये शिरलं म्हणून? एका वहीवरून हे सांगता येत नाही. १८४५ साली मॉरिशसजवळ ‘चार्ल्स हेडल’ नावाचं जहाज चक्रीवादळात सापडलं आणि वाऱ्यापुढे पळता पळता पाच दिवस त्या वादळाभोवतीच फेऱ्या मारत राहिलं. नुसती त्याची वाऱ्याची पाटी पाहणाऱ्याला वेड लागेल. जागेसकट पाहिली की चक्र दिसतं. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी अशी वादळं उलगडली, १८४८ साली ‘सायक्लोन’ हा शब्द दिला, पण ते एकेका वादळासाठी मिळतील तितक्या जहाजांच्या वह्या गोळा करत.

शेवटी आम्ही फक्त इतकं लिहिलं: ८ जूनला अमुक ठिकाणी नैर्ऋत्येचा झोत, ९ जूनला मुंबई बंदरात पाऊस, दोन्हींचा संबंध असू शकतो, सिद्ध झालेला नाही. काकांना हे वाक्य फार आवडलं. मला ते अजूनही थोडं बोचतं.

पुन्हा केलं तर

अख्खी वही उतरवण्याचा आग्रह मी आजही धरणार नाही. मनुष्यबळ कमी असताना ते परवडत नाही. पण तीन प्रकारची पानं शब्दन् शब्द वाचीन: बंदर सोडतानाची, जमीन दिसते त्या दिवसाची आणि नांगर पडतो त्या दिवसाची. दिवस कसा मोजला, शून्य रेखांश कुठलं धरलं, घड्याळ किती चुकलं, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं. मधल्या पानांचे रिमार्क्स चाळले तरी चालतील, मात्र खोली, तळ, पक्षी, साप यांच्या ओळी सोडायच्या नाहीत.

सॉर्टचं बटण दाबण्याआधी प्रत्येक ओळीला पान क्रमांक आणि पानावरचा अनुक्रमांक देईन. लिहिणाऱ्याने ज्या क्रमाने लिहिलं तो क्रम हाही पुरावाच होता, आणि मी तो एका क्लिकमध्ये पुसला होता. पानांच्या प्रतिमा हाताशी होत्या म्हणून निभावलं.

ठिकाणांची नावं वाचताना त्या किनाऱ्यावरचा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत हवा. थळचा मुलगा गटात होता, पण आम्ही त्याला टायपिंगला बसवलं होतं.

एका गोष्टीवर अजून एकमत नाही. काकांच्या मते प्रमाणशीर वाटणीने दुरुस्त केलेले रेखांश कुणाला द्यायलाच नकोत, मूळ आकडे आणि खांदेरीची नोंद द्यावी, ज्याला हवं तो मोजेल. बाईंच्या मते दुरुस्ती दिली नाही तर जूनच्या नोंदी चाळणीत जातील आणि कुणी पाहणारही नाही. सध्या दोन्ही रकाने आहेत.

परतीच्या सफरीची पानं आता काढली आहेत. बंदर सोडल्याच्या पहिल्याच पानाच्या तळाशी लिहिलंय: ही नोंद १२ तासांची आहे. या वेळी ती ओळ बाईंनी सगळ्यात आधी उतरवली.